हळदीचं पाणी

सकाळी उठलं की साक्षी आधी लेकीच्या, मित्राच्या, कपाळाला हात लावायची. मग मानेला, मग पोटाला. कपाळ गार लागलं तरी तिची खात्री पटायची नाही. आपलाच हात गरम असला तर कळणार कसं, म्हणून ती तोच हात स्वतःच्या गालाला लावून बघायची. एवढं झालं की अंगणात यायची आणि तळ्याच्या कठड्यावर वाकून मासे बघायची. लेकरू आणि मासे, दोघांची तब्येत पाहिल्याशिवाय तिच्या घशाखाली चहा उतरत नसे.

त्या दिवशी एक लाल मासा कमळाच्या पानाखाली तिरपा होऊन थांबला होता. तोंड पाण्याबाहेर काढून हवा ओढत होता. शेपटीजवळ सरकीला चिकटून राहिलेल्या कापसासारखं पांढरं काहीतरी लोंबत होतं.

"मामा," तिनं सासऱ्यांना हाक मारली. "आणखी एकाला लागलं बघा."

सोनाजी ओसरीवर तपकिरीची डबी उघडून बसले होते. चिमूट नाकात कोंबून, डोळे पुसत ते उठले. आयुष्यभर एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस. घरच्या अंगणातसुद्धा पाय फाकवून चालायचे, जणू खालची जमीन हलतेय.

"काल तर बराबर व्हता. म्या टाकलेलं खाल्लं त्यानं."

"काय टाकलं काल?"

सोनाजी कमळाच्या कळीकडे बघू लागले.

"मामा, काय टाकलं?"

"मुरमुरे. मूठभर बी न्हाई. उपाशी मरून राहिले ना गं ते."

"आजारी असताना खायला द्यायचं नसतं. उरतं ते कुजतं, पाणी नासतं. किती वेळा सांगितलं."

"व्हय. तुझा फोनातला मास्तर म्हणतो तसं." ते वाकून माशांना म्हणाले, "चला, पुढं सरका, पुढं गाडी रिकामी हाय. आज उपास हाय तुमचा. ऑर्डर आलीय वरून."

कठड्याला लटकलेली मित्रा खिदळली. आबांनी माशांना कंडक्टरसारखं दटावलं की ती रोज तेवढीच खिदळायची. साक्षीला मात्र हसू आलं नाही. तिला दिसत होतं ते एवढंच, की गेल्या आठवड्यात एकाला असलेलं पांढरं आता बऱ्याच जणांना झालंय. आणि मासे संपले तर तळंही संपणार, हे त्या घरात ठरलेलं होतं.

तळं सासूबाईंचं. पद्माबाईंनी माहेरच्या पाझर तलावातून कमळाचा कंद ओल्या फडक्यात गुंडाळून सासरी, डोंगरकडा गावी, आणला होता आणि नवऱ्यामागे लकडा लावून अंगणात मांडीएवढ्या पाण्याचं सिमेंटचं गोल तळं करून घेतलं होतं. दरवर्षी बुद्धपौर्णिमेला पहिलं कमळ विहारात जायचं ते इथून. त्या गेल्यावर सोनाजी रोज तिथं कठड्यावर बसायला लागले. कुणी विचारलं, काय करून राहिले सोनाजी, तर म्हणायचे, "ड्यूटीवर हाय."

मग गेल्या पावसाळ्यात मित्राला डेंग्यू झाला. नांदेडच्या दवाखान्यात पेशी रोज खाली येत होत्या आणि साक्षी मुलीच्या दंडावरचे लाल ठिपके बघत बसली होती. लेकरू वाचलं. घरी आल्यावर आरोग्य खात्याची माणसं आली, त्यांनी पळीनं तळ्यातलं पाणी काढून पांढऱ्या ताटलीत ओतलं, आणि त्या ताटलीत वळवळणाऱ्या अळ्या साक्षीनं पाहिल्या. त्याच दिवशी ती नवऱ्याला म्हणाली, "हे तळं बुजवा."

सोनाजी त्या रात्री जेवले नाहीत. शेवटी नवऱ्यानं, प्रमोदनं, मधला रस्ता काढला. आरोग्य केंद्रातून गप्पी मासे आणून सोडले, ते अळ्या खातात म्हणून. मित्राला आवडतात म्हणून नांदेडहून लाल मासेही आणले. आणि दोघांच्या समोर म्हणाला, "मासे हायत तवर तळं. मासे संपले की मी मुरूम आणून टाकणार. मग कुनी मला काय म्हनायचं न्हाई."

तेव्हापासून तळ्यातल्या माशांचं दुखणंखुपणं साक्षीच्या गळ्यात पडलं. बी.एस्सी.ला तिला प्राणिशास्त्र होतं, पण मासा तिनं तेव्हा पाहिला तो मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी टोचलेला. जिवंत माशाचं सगळं ती फोनवर शिकली. नळाचं पाणी दिवसभर उन्हात ठेवून मगच तळ्यात घालायचं, नाहीतर त्यातल्या पावडरीनं माशांचे कल्ले जळतात. सगळं पाणी एकदम बदलायचं नाही. उन्हाळ्यात वर हिरवी जाळी. लाईट गेली आणि हवेची मोटर थांबली की तांब्यानं उंचावरून पाणी ओतत बसायचं, म्हणजे पाण्यात हवा मिसळते.

शेजारच्या पेमाबाई शेळ्या सोडताना तिला असं पाणी ओतताना बघायच्या. "अगं, सलाईन लाव की त्याला एखादी," त्या म्हणायच्या. "आमच्या सुना आमाला एवढं पाणी पाजत न्हाईत."

पण तळं बुजावं असंच आपल्याला मनातून वाटतं का, हे साक्षीला आता नक्की सांगता आलं नसतं. कधी ती सोनाजींच्या मांडीवर बसून माशांशी बोलणारी मित्रा बघायची आणि तिला वाटायचं, राहू दे. कधी संध्याकाळी कानाशी डास गुणगुणला की वाटायचं, उद्याच ट्रॅक्टर बोलवावा. एवढं मात्र पक्कं होतं, की मासे मेले तर ते तिच्या हलगर्जीपणानं मरायला नको होते. सुनेनं सासूचं तळं बुजवलं, हे गावानं म्हणायला नको होतं.

तिनं आजारी मासे वेगळे काढले, बादलीत खडेमीठ विरघळवून त्यात ठेवले. सोनाजी बघत होते.

"मिठानं काय व्हतं? ओली हळद वाटून टाक. तुझी सासू बैलाच्या खुरापासून माझ्या गुडघ्यापर्यंत सगळ्याला हळद लावायची. हळदीचा मुलूख आपला, आन आपल्याच दारात मासे औषधावाचून मरायलेत."

"नको. पाण्यात काहीही टाकायचं नाही."

"हळद काय काहीही हाय?"

"मामा, नको म्हटलं ना."

"चार बुकं शिकलीस म्हनून तुझं सगळं खरं. बाकीचे काय येडे?"

उन्हानं तिचं डोकं तापलं होतं. बादलीतला एक मासा उलटा झाला होता. तिच्या तोंडून निघून गेलं, "तुमच्या हट्टापायी एकदा लेकरू हातचं जात होतं. तेवढं पुरे झालं."

सोनाजींनी डबीचं झाकण लावलं. दाबून लावलं. मग ओसरीवर जाऊन तिच्याकडे पाठ करून बसले.

त्या दुपारपासून अबोला सुरू झाला. जे काही बोलणं व्हायचं ते मित्राच्या तोंडून. "मित्रा, तुझ्या आईला सांग, आबाला भूक न्हाई." "मित्रा, आबांना सांग, भाकरी झाकून ठेवलीय." मित्राला हा खेळच वाटला. ती धावत जायची आणि सांगायची, "आबा, आई म्हणते, भूक झाकून ठेवलीय." सोनाजींच्या मिशीखाली हसू हलायचं, पण साक्षी दाराशी दिसली की ते पुसून जायचं.

शेतात हळदीची लागवड सुरू झाली होती. प्रमोद पहाटेचा जायचा तो दिवस मावळताना यायचा. एका दुपारी तो मोटरसायकलवर उरलेल्या बेण्याची गोणी बांधून आला. बेणं म्हणजे लावायचे हळदीचे कंद; किडीला मारायचं औषध आणि बुरशीचं औषध पाण्यात कालवून त्यात बुडवून काढलेले. यंदाच त्यानं ते करायला घेतलं होतं. गोणी ओसरीच्या कोपऱ्यातल्या कोठीवर टाकून तो म्हणाला, "औषधातलं हाय. लेकराला हात लावू देऊ नको. बाबाला बी सांगून ठिव." पाण्याचा तांब्या उभ्याउभ्या रिकामा करून तो परत गेला. बाया शेतात खोळंबल्या होत्या.

साक्षीनं मित्राला गोणीसमोर उभं केलं. "हे विष आहे. हात लावला तर डॉक्टर सुई देतील." मित्रानं दोन्ही हात पाठीमागे नेले. मग तिनं कुंपणावरून पेमाबाईंना सांगितलं, शेळ्या ओसरीवर चढू देऊ नका म्हणून. राहिले सोनाजी. ते मागं परसात खाटेवर पडून होते. ती जवळ गेली तशी त्यांनी पेपर तोंडापुढे धरला. सकाळपासून चार वेळा वाचून झालेला पेपर. मित्राकडून निरोप पाठवावा असं तिच्या मनात आलं, पण असला निरोप साडेतीन वर्षांच्या पोरीच्या तोंडून पाठवायचा नसतो. आणि आधी आपण का वाकायचं, हेही होतंच. जेवताना सांगू, असं म्हणून ती आत गेली.

जेवायला सोनाजी आलेच नाहीत. मित्राकडून ताट बाहेर मागवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन मासे मेलेले निघाले. उरलेले पानांखाली गोळा होऊन हवा ओढत होते. नांदेडला रंगीत मासे विकणाऱ्याकडे निळं औषध मिळतं, हे तिनं फोनवर विचारून ठेवलं होतं. मित्राला उन्हाचं जीपमध्ये कोंबून न्यायचं तिच्या जिवावर आलं. वाटेत कुणी खोकलं, कुणी शिंकलं तरी तिचा जीव वर व्हायचा. लेकरू आबांपाशी रोज राहायचंच. "मित्रा, आबांना सांग, आई दुपारी येते," म्हणून ती निघाली.

जीप वारंगा फाटा ओलांडून गेली तेव्हा तिला गोणी आठवली.  तिनं सोनाजींना फोन लावला. पूर्ण वाजला आणि थांबला. पुन्हा लावला. या वेळी मधेच कट झाला. म्हणजे फोन हातात होता, आणि नाव वाचून कापला होता. पेमाबाईंच्या मुलाचा नंबर होता तिच्याकडे. पण त्यांना काय सांगायचं? घरातल्या घरात सासऱ्याशी बोलायची चोरी आहे का गं, म्हणून त्यांनी गावभर केलं असतं. प्रमोद शेतात फोन डब्याच्या पिशवीत ठेवायचा. तिनं स्वतःची समजूत घातली. म्हातारा माणूस बेण्याच्या गोणीला कशाला हात लावेल?

औषधाची बाटली पदराखाली धरून, ऊन लागू न देता, ती दुपारी परत आली. फाटकातच तिला सोनाजींची हाक ऐकू आली.

"साक्षी! ए पोरी! ये लवकर, पळ, बघ!"

इतक्या दिवसांनी त्यांनी तिला नावानं हाक मारली होती. ते कठड्यापाशी उभे होते, धोतराचा सोगा ओला, चेहरा लहान पोरासारखा उजळलेला. शेजारी मित्रा टाळ्या वाजवत होती.

"बघ, कसे उड्या मारून राहिले! सकाळी मढ्यावानी पडले व्हते. तुझ्या सासूची हळद लागू पडली गं! माशांनी डबल बेल दिली!"

तळ्यातलं पाणी पिवळं झालं होतं. लाल मासे खरोखरच पाण्यावर उसळत होते, कठड्यावर आपटत होते, गरगर फिरून एका कुशीवर पडत होते आणि पुन्हा उसळत होते. बारके गप्पी मासे आधीच शांत झाले होते; ते पानांच्या कडेला तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे तरंगत होते. आणि त्या सगळ्यावर औषधाचा उग्र वास पसरला होता. तपकिरीनं सोनाजींचं नाक कधीच निकामी केलं होतं.

"हळद कुठली घेतली?" साक्षीनं विचारलं. 

"गोणीतली. ओली व्हती बराबर. पाट्यावर वाटली. मित्रानं बी मदत केली, न्हाई का गं?"

मित्रानं दोन्ही हात वर करून दाखवले. कोपरापर्यंत पिवळे. हनुवटीवरही पिवळा डाग.

साक्षीच्या हातातली बाटली पडली. तिनं पोरीला उचललं, नळाखाली नेलं, फ्रॉक फाडून काढला आणि साबणानं घासायला लागली. मित्रा रडायला लागली.

"तोंडात घातलं का? बाळा, खरं सांग. तोंडात घातलं?"

"नाही."

"जिभेला लावलं? थोडंसं?"

"हो."

"कधी?"

"काल," मित्रा हुंदके देत म्हणाली. तिच्यालेखी होऊन गेलेलं सगळं काल असायचं.

"अगं, हळदच हाय," सोनाजी मागे उभे राहून म्हणत होते. "हळदीनं काय व्हतंय? काहून लेकराला रडवून राहिली?"

"ती विषाची हळद आहे!" साक्षी ओरडली. "औषधात बुडवलेली! तुम्हाला..." आणि तिथं ती थांबली. तिनं त्यांना सांगितलंच नव्हतं.

सोनाजींनी आपल्या हाताकडे पाहिलं. मग तळ्याकडे.

पेमाबाईंच्या मुलानं शेतात निरोप नेला. प्रमोद आला, तसाच मातीच्या अंगानं मोटरसायकलवर लेकराला आणि बायकोला घेऊन बाळापूरच्या दवाखान्यात पोचला. डॉक्टरांनी मित्राच्या डोळ्यांत टॉर्च मारली, छाती ऐकली, हाताची त्वचा पाहिली. दिवस कलेपर्यंत तिथंच बसवून ठेवलं. "काही लक्षण दिसत नाही," ते म्हणाले. "बहुतेक पोटात गेलेलं नाही. पण चार-आठ दिवस लक्ष ठेवा. घाम सुटला, लाळ गळायला लागली, पोट दुखलं की लगेच आणा."

बहुतेक. साक्षीनं तो शब्द पदराला गाठ मारल्यासारखा घरी आणला.

घरी आले तेव्हा अंगणात अजून उजेड होता. तळ्यात काहीच हलत नव्हतं. सोनाजींनी मेलेले मासे एकेक उचलून कठड्यावर केळीच्या पानावर ठेवले होते, डोकी सगळ्यांची एका दिशेला. हळद वाटलेला पाटा, पद्माबाईंचा, त्यांनी पालथा करून भिंतीला लावला होता.

प्रमोद मुलीला साक्षीजवळ देऊन तळ्यापाशी गेला.  मग वळून म्हणाला, "मी सांगितलं व्हतं ना तुला? बाबाला सांगून ठिव म्हनून?"

साक्षीनं सोनाजींकडे पाहिलं. सोनाजींनी तिच्याकडे पाहिलं. त्या एका नजरेत त्यांना सगळं समजल्याचं तिला दिसलं. पेपर आडवा धरला तेव्हा ती काय सांगायला आली होती, कापलेला फोन कशासाठी होता, सगळं.

ती बोलायला गेली, पण तिच्याआधी सोनाजी बोलले.

"सांगितलं व्हतं तिनं. पोरीजवळ निरोप धाडला व्हता. माझ्याच ध्यानात राहिलं न्हाई."

"असं कसं ध्यानात न्हाई राहिलं, बाबा?" प्रमोदचा आवाज फाटला. "विष हाय ते!"

"वय झालं," सोनाजी म्हणाले.

साक्षीच्या मांडीवर मित्रा पेंगत होती. साक्षी तिच्या ओठांच्या कडेला बोट लावून बघत होती, लाळ येतेय का. लाळ नव्हती. आता बोलावं, असं तिला वाटलं. आता नाही, लेकराचे हे दिवस सुखरूप जाऊ दे, मग सांगू. असं तिनं ठरवलं.

रात्रीचं जेवण कुणाला गेलं नाही. झोपायला जाताना प्रमोद हळूच म्हणाला, "बाबाचं ध्यान ठिकाणावर राहत न्हाई आता. लेकरू त्यांच्यापाशी एकटं ठेवायचं न्हाई. कळलं?"

"हो," साक्षी म्हणाली.

तळ्यातल्या पाण्याचं काय करायचं, हा घोळ दुसऱ्या दिवशी सुरू झाला. प्रमोद मोटर लावून पाणी नालीत सोडणार, तेवढ्यात पेमाबाई कंबरेवर हात ठेवून कुंपणाशी उभ्या राहिल्या. "माझ्या शेळ्या त्या नालीचं पितात. खबरदार. तुमचे मासे मेले म्हनून काय गावाचं वाटोळं करता का?" त्यांचं खोटं नव्हतं. नाली पुढे ओढ्याला मिळायची. शेवटी ठरलं की पाणी उन्हानं आटू द्यायचं आणि मग मुरूम टाकायचा. तोवर तळ्याभोवती काट्या लावल्या.

साक्षी रोज सकाळी मित्राचं कपाळ बघायची, ओठ बघायची, डोळ्यांच्या बाहुल्या बघायची. मग पाय तिला आपसूक तळ्यापाशी आणायचे. पाणी खाली खाली चाललं होतं. वरचा पिवळेपणा तळाशी बसला होता आणि वरचं पाणी कधी नव्हतं इतकं नितळ दिसत होतं. तिनं वाकून नीट बघितलं. एक अळी नव्हती. डासांचा मागमूस नव्हता. एवढं निर्धोक हे तळं तिच्या डोळ्यांदेखत कधीच नव्हतं.

पौर्णिमेला कळी उमलली. मासे मेले, पाणी उतरलं, तरी ती उमलली, गुलाबी, ताटाएवढी. विहारातून लाऊडस्पीकरवर वंदना ऐकू येत होती. पांढरी साडी नेसून साक्षी बाहेर आली तेव्हा सोनाजी काट्यांच्या बाहेर, जमिनीवर बसले होते. पांढरा सदरा, पांढरी टोपी. हातात कात्री होती.

"हे नेलं तर चालंल का गं विहारात?" त्यांनी विचारलं. मित्राला नव्हे, तिलाच.

तिनं कमळाकडे पाहिलं. विहारात लेकरं फुलांना हात लावतात. पाकळ्या गोळा करतात.

"नको, मामा," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. कात्री मिटून खिशात ठेवली. "कंद तरी निघंल का? दुसरीकडं लावायला?"

"त्यानंही तेच पाणी प्यायलंय."

"व्हय," ते म्हणाले. "बराबर."

डॉक्टरांनी सांगितलेले दिवस त्या सकाळी संपले होते. मित्राला काही झालं नव्हतं. साक्षीनं स्वतःशी ठरवलेलं तिला आठवत होतं. प्रमोद आत आरशासमोर केस विंचरत होता. चार पावलं टाकली असती तर सांगता आलं असतं. पण सांगितल्यावर तो म्हणेल, मग राहू दे लेकराला बाबापाशी. आणि मग पुन्हा रोज दुपारी ती दोघंच, म्हातारा आणि पोर, घरात कुठं काय ठेवलंय हे कुणाच्याच ध्यानात नसताना. तिला ते पिवळे हात दिसले. चार पावलं तिच्यानं टाकवली नाहीत.

"आबा!" दारातून मित्राची हाक आली. पांढऱ्या फ्रॉकात, एका पायात चप्पल. "आबा, मी येते! मासे उठले का?"

सोनाजींनी मान वळवली नाही. फक्त डावा हात जमिनीवरून किंचित उचलला, तिला जवळ घ्यायला उचलायचे तसा, आणि परत ठेवला.

साक्षीनं धावत जाऊन पोरीला दारातच धरलं.

"आई, सोड. आबांना सांगायचंय."

"काय सांगायचंय?"

"माझं माझं."

साक्षी खाली बसली. तिच्या कपाळाला हात लावला, मग मानेला, मग पोटाला.

"पोट दुखतंय का?" तिनं विचारलं. "खरं सांग. कुठं दुखतंय का?"

"नाही," मित्रा म्हणाली आणि तिच्या खांद्यावरून आबांकडे बघत राहिली. साक्षीनं तिला उचलून आत घेतलं, दार लोटलं आणि खालची कडी लावली. वरची कडी मित्राच्या हाताला पोचत नव्हती. तिनं तीही लावली.